वाडेकरांचं नाव यादीत नाही

राष्ट्रीय निवड समितीवर अजित वाडेकरांना वगळण्याची वेळच आली नाही. ते काम खालच्या पायरीवर आधीच उरकलं गेलं होतं. १९७४च्या एप्रिलमध्ये वाडेकर भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला निघाले, तेव्हा लागोपाठ तीन मालिका त्यांच्या नावावर होत्या. १९७१मध्ये वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवलं, त्याच वर्षी इंग्लंडला त्यांच्या घरी हरवलं, आणि १९७२-७३मध्ये इंग्लंड इकडे आलं तेव्हा पुन्हा हरवलं. त्यांच्याआधीच्या एकाही भारतीय कर्णधाराला हे साधलं नव्हतं. मग १९७४चा पावसाळा सरला, नवा मोसम उघडला, दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाचा संघ निवडला गेला आणि त्यात वाडेकर नव्हते. देशाचा कर्णधार आपल्या विभागाच्या संघातही बसत नाही, असं त्या यादीचं म्हणणं होतं.

वाडेकरांनी त्यावर निवृत्ती जाहीर केली. वय तेहतीस.

पुढचा घटनाक्रम त्या काही महिन्यांचा आहे. त्यातल्या एका सकाळपाशी जास्त थांबणार आहे, कारण सगळा दोष पुढे त्या सकाळवर लोटला गेला.

मार्च १९७४, बंगळूर

या घसरणीची सुरुवात जूनमध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत झाली असं मानायची पद्धत आहे. माझ्या मते ती तीन महिने आधी, बंगळुरात झाली.

मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला होता. वाडेकरांनी मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला तो १९५८-५९च्याच मोसमात. म्हणजे तोवरच्या त्यांच्या सबंध कारकिर्दीत मुंबई रणजी हरल्याचा एकही मोसम नव्हता. दादरच्या या डावखुऱ्या फलंदाजाने याच स्पर्धेत म्हैसूरविरुद्ध ३२३ धावांची खेळी केली होती.

१९७४च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढलं. मुंबईचा डाव सावरत असताना वाडेकर धावबाद झाले आणि तिथून सामना हातचा गेला. मुंबईच्या क्रिकेटमध्ये पराभव सोसायची सवयच उरली नव्हती, आणि सवय नसली की माणसं हिशेब कुणाच्या तरी नावावर मांडायला बघतात. वाडेकर मुंबईचे कर्णधार होते. इंग्लंडच्या विमानात बसण्याआधीच त्यांच्या नावापुढे पहिली नोंद झाली होती.

मे १९७४, मुंबई

संघ इंग्लंडच्या थंडीत सराव सामने खेळत होता तेव्हा घरी काय चाललं होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. ८ मेपासून रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, तो २७ तारखेपर्यंत चालला. मधेच १८ मे रोजी पोखरणला अणुचाचणी झाली. महागाईने सामान्य घरं मेटाकुटीला आली होती. १९७१ हे वर्ष लोकांच्या मनात वेगळं होतं. त्या वर्षी क्रिकेटमध्ये विजय होता, वर्षअखेरीस युद्धातही विजय होता. इंग्लंडमधली ओव्हलची कसोटी जिंकून संघ परतला तेव्हा मुंबईत विमानतळापासून उघड्या गाड्यांची मिरवणूक निघाली होती, दुतर्फा माणसं उभी होती. तीन वर्षांत तो काळ पार बदलला होता, आणि चिडलेल्या लोकांना चिडायला जवळचं कुणीतरी लागतं. मंत्री दूर असतो, कर्णधाराचं घर शहरातच असतं.

गुरुवार, २० जून, सकाळचे साडेअकरा, लॉर्ड्स

मालिकेतला दुसरा कसोटी सामना. पहिला ओल्ड ट्रॅफर्डला ११३ धावांनी गमावलेला. तिथे गारठ्यात सुनील गावसकरांनी १०१ धावा काढल्या होत्या. हरलो तरी लढून हरलो, असं म्हणायला तेवढी जागा होती.

इंग्लंडने पहिली फलंदाजी केली. संध्याकाळपर्यंत एक गडी बाद ३३४. डेनिस अॅमिस आणि जॉन एडरिच यांची जोडी फुटायचं नाव घेत नव्हती.

त्या दिवसातली कळीची घटना मात्र धावफलकावर दिसत नाही. भागवत चंद्रशेखर यांच्या अंगठ्याला दुखापत झाली. जेमतेम साडेनऊ षटकं टाकून ते बाहेर गेले ते गेलेच. १९७१मध्ये ओव्हलवर याच चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१वर गुंडाळला होता. वाडेकरांच्या कर्णधारपदाचं सगळं गणित फिरकीवर उभं होतं, आणि त्यातही इंग्लंडला ज्याचा धाक होता तो गोलंदाज सामन्याच्या पहिल्याच दिवशी गेला.

शुक्रवार, २१ जून

इंग्लंड सर्वबाद ६२९. अॅमिस १८८, कर्णधार माइक डेनिस ११८, टोनी ग्रेग १०६, एडरिच ९६. बिशनसिंग बेदींनी चौसष्ट षटकांहून अधिक गोलंदाजी केली आणि २२६ धावांत सहा बळी घेतले. दुसरे फिरकी गोलंदाज प्रसन्ना यांनी एक्कावन्न षटकं टाकली. तिघांचं काम दोघांनी केलं. दोन दिवस ऊन आणि गारठा यांत क्षेत्ररक्षण केलेला हा संघ होता, हे पुढच्या सगळ्या चर्चेत कुणी लक्षात घेतलं नाही.

बेदी आणि कर्णधार यांचं त्या दौऱ्यात फारसं पटत नव्हतं. संघात गट होते. जिंकत असताना हे गट झाकले जातात. हरायला लागलं की त्यांचीच बातमी होते.

शनिवार, २२ जून

सकाळ भारताची होती. गावसकर आणि फारुख इंजिनिअर यांनी १३१ धावांची सलामी दिली. इंजिनिअर ८६, गावसकर ४९. पुढे विश्वनाथ ५२, सोलकर ४३. एवढं होऊनही डाव ३०२वर आटोपला. क्रिस ओल्डने चार बळी घेतले. भारत ३२७ धावांनी मागे पडला आणि डेनिसने फॉलोऑन दिला.

इथे मला किंग्स्टन आठवतं. फेब्रुवारी १९७१. वाडेकरांचा कर्णधार म्हणून पहिलाच कसोटी सामना. पावसाने पहिला दिवस वाहून गेला, सामना चार दिवसांचा झाला, त्यामुळे फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडीज २१७वर बाद झालं. आघाडी १७०. हा नियम बहुतेकांच्या ध्यानात नव्हता, वाडेकरांच्या होता. ते स्वतः गॅरी सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे, असं त्यांना सांगून आले. सामना अनिर्णित राहिला, पण त्या एका निरोपाने मालिकेचा नूर बदलला. सोबर्सच्या संघाला फॉलोऑन देणारा हा माणूस वरून शांत दिसतो, आत पक्का आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

लॉर्ड्सवर निरोप उलट्या दिशेने आला. शनिवारच्या उरलेल्या थोड्या वेळात भारताने बिनबाद २ केल्या.

रविवार, २३ जून

विश्रांतीचा दिवस. तेव्हा कसोटीत असा दिवस असायचा. दोन धावा, दहा गडी शिल्लक. त्यातले प्रत्यक्षात नऊच, कारण चंद्रशेखर फलंदाजीला येणार नव्हते. दोन दिवस खेळून काढले तर सामना वाचणार होता. आदल्याच डावात सलामीच्या जोडीने १३१ केल्या होत्या, त्यामुळे ही आशा खुळी नव्हती. खेळपट्टीत भूत शिरलेलं नव्हतं. रविवारी रात्री कुणी सांगितलं असतं की उद्या जेवणाआधी सगळं संपेल, तर इंग्लंडच्या खेळाडूंनीही विश्वास ठेवला नसता.

सोमवार, २४ जून, सकाळचे साडेअकरा. मुंबईत दुपारचे चार.

आभाळ भरलेलं. हवा जड. जेफ अर्नोल्ड आणि क्रिस ओल्ड यांच्या हातात जवळजवळ कोरा चेंडू. इंग्लंडमध्ये अशा हवेत चेंडू हवेतही वळतो आणि टप्पा पडल्यावरही हलतो. फलंदाजाने रेषा धरावी तर चेंडू तिथे नसतो. अशा वेळी सोडून द्यायचे चेंडू कोणते, हे ठरवण्यातच सारं कौशल्य असतं, आणि त्यासाठी मन ताजं लागतं.

या सकाळी वेळ घड्याळापेक्षा धावफलकावर बघितलेली बरी.

दोन धावा, एक गडी

शनिवारच्या धावसंख्येत एकाचीही भर पडायच्या आत इंजिनिअर पायचीत, गोलंदाज अर्नोल्ड. आदल्या डावातला सर्वोच्च धावा करणारा फलंदाज शून्यावर परतला.

तिसऱ्या क्रमांकावर कर्णधार आले. ही वाडेकरांची जागा. याच क्रमांकाच्या फलंदाजाने १९६८मध्ये ड्युनेडिनला ८० आणि ७१ धावा काढल्या होत्या, आणि भारताने परदेशात पहिला कसोटी विजय मिळवला होता. त्याच दौऱ्यात वेलिंग्टनला १४३, त्यांचं एकमेव कसोटी शतक. त्याआधी मेलबर्नला ९९वर बाद.

पाच धावा, दोन गडी

वाडेकर त्रिफळाचीत, गोलंदाज ओल्ड, धावा तीन.

ओव्हलच्या शेवटच्या दिवशी, २४ ऑगस्ट १९७१ रोजीही वाडेकर सकाळीच बाद झाले होते. आदल्या संध्याकाळी ४५वर नाबाद, सकाळी एकाही धावेची भर न घालता धावबाद. जिंकायला १७३ हव्या होत्या. ते ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि झोपी गेले. सामना जिंकल्याचं त्यांना उठवून सांगावं लागलं. ही हकिगत नंतर त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली. लोक ती ऐकून हसत, पण आपल्या फलंदाजांवर एवढा भरवसा टाकणारा कर्णधार मला दुसरा आठवत नाही. सरदेसाई, विश्वनाथ, सोलकर, इंजिनिअर, अबिद अली यांनी तो भरवसा त्या दिवशी राखला आणि चार गडी राखून सामना जिंकला.

लॉर्ड्सवर त्यांच्या पाठीमागे जवळजवळ तेच फलंदाज होते. सरदेसाई तेवढे निवृत्त झाले होते.

चौदा धावा, चार गडी

बारा असताना विश्वनाथ, यष्टीमागे अॅलन नॉटच्या हाती. पाच धावा. चौदा असताना ब्रिजेश पटेल, पुन्हा नॉट. एक धाव. दोन्ही बळी अर्नोल्डचे. पटेल त्याच मालिकेत कसोटीत आलेले, कोवळे.

विश्वनाथ बाद होणं ही त्या संघासाठी विशेष वाईट खूण होती. हलणाऱ्या चेंडूवर उशिरा खेळणारा, मनगटाने चेंडू शेवटच्या क्षणी वळवणारा फलंदाज तोच. त्याच्या बॅटची कड लागते म्हणजे चेंडू खरोखरच न खेळता येण्याजोगा होता, असं समजावं.

पंचवीस धावा, पाच गडी

गावसकर अजून खेळपट्टीवर होते, म्हणून मुंबईत शॉर्टवेव्हला कान लावून बसलेल्यांना थोडी आशा होती. पंचविसावर तेही पायचीत झाले. पाच धावा. अर्नोल्डचा चौथा बळी.

इथून पुढे सगळं ओल्डचं. मदनलाल दोन धावांवर हेन्ड्रिकच्या हाती. अबिद अली तीनवर नॉटच्या हाती, त्याचा डावातला तिसरा झेल. प्रसन्ना पाचवर त्रिफळाचीत.

एका टोकाला एकनाथ सोलकर उभे होते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. जिमखान्यातल्याच छोट्या घरात वाढला, जेमतेम संरक्षक साधनं असताना फलंदाजाच्या नाकासमोर उभा राहून झेल घ्यायचा. त्या डावात दुहेरी धावसंख्या गाठली ती फक्त त्यांनी. नाबाद १८.

बेचाळीस

बेदी त्रिफळाचीत, शून्य. चंद्रशेखर जखमी म्हणून आले नाहीत. डाव संपला. सतरा षटकं. ओल्डचे २१ धावांत पाच, अर्नोल्डचे १९ धावांत चार. अवांतर एकही धाव नाही. म्हणजे नॉट आणि त्याच्या गोलंदाजांनी फुकटचं काहीच दिलं नाही. भारत एक डाव आणि २८५ धावांनी हरला. शनिवारची थोडी षटकं धरूनही सारा डाव सुमारे सव्वा तासाचा.

लंडनमध्ये अजून जेवणाची सुट्टी व्हायची होती. मुंबईत पाच वाजून गेले होते, कचेऱ्या सुटत होत्या. लोकांना ती संख्या फलाटावर कळली, बसच्या रांगेत कळली. ट्रान्झिस्टरवाल्या माणसाला दोनदा विचारून खात्री करून घेण्याजोगीच ती संख्या होती. त्याआधी भारताची कसोटीतली नीचांकी धावसंख्या ५८ होती, ब्रिस्बेनला १९४७मध्ये आणि ओल्ड ट्रॅफर्डला १९५२मध्ये. बेचाळिसाचा हा नीचांक पुढे सेहेचाळीस वर्षं टिकला. डिसेंबर २०२०मध्ये अॅडलेडला भारत ३६वर बाद झाला तेव्हा कुठे तो मोडला. अॅडलेडनंतर तोच संघ ती मालिका जिंकून आला आणि ३६ ही संख्या विजयाच्या कहाणीतलं एक पान झाली. वाडेकरांच्या संघाला असं पुढचं पान लिहायची संधी फक्त एका सामन्याची होती.

जूनअखेर, लंडन

हरलेल्या संघाचं काहीच सरळ होत नाही. भारताचे उच्चायुक्त बी. के. नेहरू यांनी संघासाठी स्वागत समारंभ ठेवला होता. आधीच्या एका कार्यक्रमाहून निघालेली संघाची बस तिथे उशिरा पोहोचली. उच्चायुक्तांनी कर्णधाराला दारातून परत पाठवलं. ही बातमी खेळाच्या बातमीपेक्षा मोठी झाली. परक्या देशात आपल्याच देशाच्या प्रतिनिधीने आपल्या कर्णधाराला घरात घेतलं नाही, आणि तेही बस उशिरा आली म्हणून. १९७१च्या विजयानंतर हाच उशीर झाला असता तर दार बंद झालं असतं का, हा प्रश्न मी आजही विचारतो, आणि उत्तर नाही असंच येतं.

त्याच दौऱ्यात सुधीर नाईक यांच्यावर एका दुकानातून मोज्यांचे जोड उचलल्याचा आरोप झाला. आपण निर्दोष आहोत, असं नाईक पुढे सांगत राहिले. गावसकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण त्या उन्हाळ्यात संघाची बाजू ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

४ ते ८ जुलै, एजबॅस्टन

पहिला दिवस पावसात गेला. खेळ सुरू झाला आणि सामन्यातल्या पहिल्याच चेंडूवर गावसकर बाद झाले, अर्नोल्डच्या गोलंदाजीवर नॉटच्या हाती. भारत १६५. इंग्लंड दोन गडी बाद ४५९वर डाव घोषित, डेव्हिड लॉइड नाबाद २१४. भारताचा दुसरा डाव २१६. त्यात नाईकांच्या ७७ धावा होत्या. डोक्यावर एवढं मोठं बालंट घेऊन माणूस एवढं खेळतो, ही त्या दौऱ्यातली मला सर्वांत धीराची खेळी वाटते.

पराभव एक डाव आणि ७८ धावांनी. मालिका ०-३. वाडेकरांचा हा सदतिसावा कसोटी सामना. कर्णधार म्हणून सोळावा, चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित. चारपैकी तीन पराभव याच उन्हाळ्यातले. एकूण कसोटी धावा २११३. यापुढे या आकड्यात भर पडणार नव्हती, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

१३ जुलै, हेडिंग्ली

या तारखेकडे फारसं कुणी बघत नाही. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना या दिवशी झाला आणि वाडेकर भारताचे पहिले एकदिवसीय कर्णधार ठरले. डाव पंचावन्न षटकांचा. भारत २६५. पटेल ८२, वाडेकर ६७. इंग्लंडने चार गडी राखून सामना जिंकला.

तीन आठवड्यांपूर्वी ज्याचा संघ बेचाळीसवर संपला, ज्याला दारातून परतवलं, ज्याच्या संघातले गट वर्तमानपत्रांतून मोजले जात होते, त्या कर्णधाराने देशासाठी नव्या असलेल्या प्रकारात पहिल्याच दिवशी ६७ धावा काढल्या. खेळ संपलेला माणूस असा खेळत नाही. निवड करणाऱ्यांनी आकडे बघायचे असते तर हाही एक आकडा होता.

जुलैअखेर, मुंबई आणि इंदूर

संघ परतला. तीन वर्षांपूर्वीची मिरवणूक अर्थातच नव्हती. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले.

इंदूरला १९७१च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, विजय बल्ला. त्यावर विजयी खेळाडूंची नावं होती. ती बॅट विद्रूप करण्यात आली. त्या नावांत दिलीप सरदेसाई होते, जे या दौऱ्यावर गेलेच नव्हते. रागाच्या भरात एवढा फरक कोण करतो?

नवा मोसम, १९७४-७५

दुलीप करंडकासाठी तेव्हा विभागवार संघ निवडले जात. पश्चिम विभागाचा संघ जाहीर झाला. वाडेकर नाहीत.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कर्णधारपद काढून घेणं समजू शकतं. तीन कसोटी हरल्यावर कर्णधार बदलतात, जगभर बदलतात. वाडेकर स्वतः १९७१मध्ये असेच आले होते. विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते, मतं समान पडली तेव्हा त्यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांना दिलं आणि मन्सूर अली खान पतौडींचं कर्णधारपद गेलं. तो निर्णय उघड होता. कुणाच्या मताने झाला हे जगाला ठाऊक होतं, त्यावर वाद झाले, आणि मर्चंटांनी त्याची जबाबदारी घेतली.

१९७४मध्ये तसं झालं नाही. राष्ट्रीय निवड समितीने वाडेकरांना समोर बसवून तुमचं कर्णधारपद गेलं आहे, किंवा तुम्ही फलंदाज म्हणूनही नको आहात, असं सांगायला हवं होतं. ती तिची जबाबदारी होती. त्याऐवजी विभागाच्या यादीतून नाव गाळलं गेलं. जो विभागाकडूनच खेळत नाही, त्याचा देशासाठी विचार करण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रथम श्रेणीत पंधरा हजारांहून अधिक धावा, सत्तेचाळीसची सरासरी असलेला फलंदाज पश्चिम विभागाच्या पहिल्या काही नावांत बसत नाही, हे क्रिकेटच्या कुठल्याच हिशेबात बसणारं नव्हतं. त्या यादीने निवड केली नाही, शिक्षा सुनावली.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. शिक्षा द्यायचीच होती तर ती देणाऱ्याने तोंड दाखवायला हवं होतं. सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन फॉलोऑन सांगणाऱ्या माणसाला एवढ्या सरळपणाचा हक्क होता.

वाडेकरांनी वाट बघितली नाही, अर्जविनंत्या केल्या नाहीत. प्रथम श्रेणी क्रिकेटमधून निवृत्त झाले आणि स्टेट बँकेतली नोकरी सांभाळू लागले. मुंबईच्या कर्णधारपदी अशोक मांकड आले आणि त्यांनी त्याच मोसमात रणजी करंडक मुंबईत परत आणला. जानेवारी १९७५मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना झाला, तो वाडेकरांशिवाय. मंडळाला मात्र पुढे त्यांची गरज पडली. नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते, आणि नंतर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही झाले.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९७४, बंगळूर

वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना. समोर गॉर्डन ग्रीनिज आणि विव्हियन रिचर्ड्स, दोघेही पदार्पण करणारे. भारताचे कर्णधार पुन्हा पतौडी. बेदींना शिस्तीच्या कारणावरून या सामन्यातून बाहेर ठेवलं होतं, पुढच्याच सामन्यात ते परतले.

तिसऱ्या क्रमांकावर, वाडेकरांच्या जागी, महाराष्ट्राकडून खेळणारे हेमंत कानिटकर आले. पदार्पणाच्या डावात त्यांनी ६५ धावा काढल्या. मेहनतीने मिळवलेली जागा होती आणि त्यांनी तिचं सोनं केलं. आपला रोष त्यांच्यावर असण्याचं काहीच कारण नाही.

रोष आहे तो पुढच्या यादीवर. गावसकर, इंजिनिअर, विश्वनाथ, पटेल, सोलकर, अबिद अली, प्रसन्ना, चंद्रशेखर. लॉर्ड्सवर बेचाळीसच्या डावात ज्यांची नावं धावफलकावर होती त्या अकरापैकी हे आठजण बंगळुरात पुन्हा भारताकडून उतरले. उतरायलाच हवे होते, कारण देशात त्यांच्याहून चांगले खेळाडू नव्हते. एका ढगाळ सकाळी दोन उत्तम गोलंदाजांनी उत्तम फलंदाजांना बाद केलं, हे आठजणांच्या बाबतीत निवड समितीला पटलं होतं. नवव्याच्या बाबतीत ते तपासायची संधी तिने घेतली नाही, कारण तोवर ते नाव तिच्यापर्यंत पोहोचूच दिलं गेलं नव्हतं.